जागणाऱ्यांची जोखीम

पहाटे उठणारा तो सरळमार्गी आणि रात्री जागणारा तो बेभरवशाचा, हा निकाल आपल्याकडे घरोघरी कधीच लागून गेलेला आहे. लग्नाच्या बोलणीत मुलगा लवकर उठतो हे त्याच्या पगाराबरोबर सांगतात. भाड्याने खोली देताना अपरात्री येणं-जाणं चालणार नाही, ही अट डिपॉझिटच्या आधी येते. काकडआरतीला जाणाऱ्याबद्दल चाळीत कुणी शंका घेत नाही. रात्री दोनला ज्याच्या खिडकीत दिवा दिसतो, त्याच्याबद्दल मात्र जिन्यात कुजबुज होते. पत्ते, दारू, सट्टा, उधारी ही सगळी नावं रात्रीच्याच खात्यावर मांडलेली असतात.

जागरण आणि डाव यांचं नातं परंपरेलाही ठाऊक होतं. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी जागणाऱ्यांच्या शोधात फिरते आणि ती रात्र फासे खेळत जागवावी, असं त्या व्रतात सांगितलेलं आहे. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही म्हणतात. गणपतीच्या दिवसांत आरत्या आटोपल्या की पत्त्यांचे डाव बसतात. वर्षातल्या काही ठरलेल्या रात्री जागायचं आणि त्याच रात्री डाव लावायचा, अशी ती मोकळीक बेताने बांधून दिलेली होती.

गेल्या काही दशकांत हाच प्रश्न विज्ञानाने हाती घेतला. माणसाचं शरीर सकाळी फुलतं की संध्याकाळी, यावरून तो किती धोका पत्करेल हे सांगता येतं का? उत्तर थोडंसं ‘हो’ आहे, आणि त्या ‘थोडंसं’ या शब्दात या पुस्तकाचा सगळा विषय आला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रात्री उमलणाऱ्या माणसाचा धोक्याकडे किंचित ओढा असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण त्याहून मोठा धोका निर्माण होतो तो शरीराचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांची फारकत झाली की. ही फारकत कोण घडवून आणतं आणि तिची किंमत कोण मोजतं, हे मुंबईइतकं उघड फार थोड्या शहरांत दिसतं.

हे मी अँटॉप हिलमध्ये बसून लिहितो आहे. वडाळा, शीव-कोळीवाडा आणि गुरू तेग बहादूर नगर यांच्या मधला हा भाग. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती, कोकरी आगार आणि संगमनगरच्या दाट वस्त्या, पलीकडे वडाळ्याची मिठागरं, ट्रक टर्मिनल आणि एमएच-०३ पाटीच्या गाड्यांचं आरटीओ. २०१९ पासून मोनोरेलचं एक स्थानकही याच नावाचं आहे. मिठागरातलं काम उन्हं चढायच्या आत उरकायचं असतं. कचेरीचा कारकून सकाळी डबा घेऊन निघतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली परिचारिका कधी सकाळी निघते, कधी रात्री. आणि ट्रकवाल्यांचा दिवस बाकीच्यांच्या निजानीज झाल्यावर उजाडतो.

टर्मिनलवर उत्तररात्री जाऊन पाहावं. शहरात दिवसा जड वाहनांवर निर्बंध, म्हणून माल रात्रीच हलतो. क्लीनर हातात टॉमी घेऊन एकेका चाकावर ठोका मारत जातो. आवाज खणखणीत आला तर हवा ठीक, बद्द आला तर पुन्हा वाकून बघायचं. ताडपत्रीचा दोर ओढून गाठ मारली जाते. ड्रायव्हर कटिंग चहाचा दुसरा ग्लास संपवतो, तोंडावर पाणी मारतो आणि केबिनमध्ये चढतो. भाडं ठरलेलं आहे, माल कुठल्या वेळेला पोहोचवायचा तेही ठरलेलं आहे. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधता तळाला गेलेली असते आणि झोपेमुळे होणारे अपघात या वेळेत सर्वाधिक होतात, हे रस्ता-सुरक्षेच्या अभ्यासकांनी देशोदेशी नोंदवलेलं आहे. हा ड्रायव्हर जिवावरची जोखीम घेतो आहे यात शंका नाही. ती त्याच्या स्वभावातून आली की वेळापत्रकातून, हा खरा प्रश्न.

आता शरीराच्या घड्याळाबद्दल थोडं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका असतो. शरीराचं तापमान, मेलाटोनिनचा स्राव, भूक, झोप यांची लय तो राखतो. त्याचा फेरा सरासरी चोवीस तासांहून किंचित मोठा असतो आणि रोजच्या उजेडाने तो जुळवून घेतला जातो. या घड्याळाचं पहिलं जनुक फळमाशीत सापडलं, रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना, १९७१ मध्ये. पुढे त्याची रेणूंच्या पातळीवरची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मदुराईचे एम. के. चंद्रशेखरन यांचं नाव अग्रभागी आहे. वटवाघळांच्या लयीवरचं त्यांचं काम जगभर वाचलं गेलं.

प्रत्येकाचं हे घड्याळ सारखं नसतं. १९७६ मध्ये हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी एकोणीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि माणूस सकाळचा की संध्याकाळचा हे मोजायची सोय झाली. बहुसंख्य लोक मधोमध कुठेतरी असतात. दोन्ही टोकांना थोडे. यात आळस किंवा शिस्त यांचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी. २०१९ मध्ये जवळपास सात लाख माणसांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात सकाळ-संध्याकाळच्या कलाशी निगडित अशा ३५१ जागा जनुकसंचात सापडल्या. वयाचाही भाग मोठा आहे. म्युनिकचे टिल रोनेबर्ग यांनी दाखवलं की किशोरवयात हे घड्याळ वर्षागणिक उशिराकडे सरकतं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचं होतं आणि मग पुन्हा मागे येऊ लागतं. आजोबा पहाटे चारला उठून बसतात आणि नातवाला दहालाही उठवत नाही, यात दोघांचाही दोष नाही.

धोक्याकडे वळू. शिकागो विद्यापीठाचे दारिओ माएस्त्रीपिएरी यांनी २०१४ मध्ये एमबीएच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात रात्री जागणाऱ्या स्त्रियांची धोका पत्करण्याची तयारी पुरुषांच्या बरोबरीची निघाली, लवकर उठणाऱ्या स्त्रियांची कमी. पुरुषांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. त्याच सुमारास त्यांच्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात लिंग आणि स्वभाव यांचा हिशेब वजा करूनही संध्याकाळचा कल आणि धोका यांचा धागा उरला. म्हणजे चाळीतल्या कुजबुजीत अगदीच तथ्य नाही असं म्हणता येत नाही.

पण ‘धोका’ म्हणजे एकच गोष्ट नव्हे. एल्के वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये धोक्याचे पाच प्रांत वेगळे केले: पैसा, आरोग्य आणि सुरक्षितता, करमणूक, नीती आणि लोकांमधलं वागणं. एकाच माणसाचं धाडस या पाचांत पाच तऱ्हेचं असतं. कड्यावर चढणारा माणूस मुदत ठेवीपलीकडे पैसा हलवत नाही. पैशाचा सट्टा खेळणारा साहेबासमोर तोंड उघडत नाही. तेव्हा ‘रात्रीचा माणूस धोका घेतो’ या वाक्याला ‘कुठला धोका’ हा प्रश्न लगेच चिकटवला पाहिजे.

याहून महत्त्वाचे दोन प्रयोग आहेत. पहिला २०१४ चा, गुनिया, बार्न्स आणि साह यांचा. काही माणसांना सकाळी आणि काहींना मध्यरात्रीनंतर बोलावलं, फासा टाकायला दिला आणि किती पडलं ते त्यांनीच सांगायचं, जास्त आकड्याला बक्षिसाची संधी जास्त. रात्री आलेल्या सकाळवाल्यांनी रात्रवाल्यांहून आकडे फुगवून सांगितले आणि सकाळी आलेल्या रात्रवाल्यांनी सकाळवाल्यांहून. आपल्या वेळेबाहेर खेचून आणलेला माणूस घसरतो, मग तो कुठल्याही जातकुळीचा असो. दुसरा प्रयोग सिंगापूरचा, विनोद वेंकटरमण आणि मायकेल ची यांच्या गटाचा, २०११ चा. एक संपूर्ण रात्र जागवलेल्या तरुणांना जुगारासारखे निर्णय घ्यायला लावले, तेव्हा त्यांचा मेंदू फायद्याच्या शक्यतेने अधिक चेतत होता आणि तोट्याने कमी. जागा राहिलेला माणूस मिळकत मोठी बघतो आणि नुकसान लहान. हे वाक्य मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास वाचताना मला पुनःपुन्हा आठवतं.

त्या इतिहासात घड्याळाचं भांडण अक्षरशः झालेलं आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतले कामगार नव्या वेळेविरुद्ध काम टाकून बाहेर पडले. महापालिकेतही वाद झाला, फिरोजशहा मेहता जुन्या वेळेच्या बाजूने उभे राहिले आणि पुढची कित्येक दशकं शहरात दोन वेळा नांदल्या. कामगारांचं म्हणणं साधं होतं: नव्या घड्याळात सात वाजले तरी सूर्याचे सात वाजलेले नसतात. आजही ते खरं आहे. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, कोलकात्यात त्याच्या जवळपास तासभर आधी. सातची पाळी म्हणजे थंडीच्या दिवसांत सूर्योदयाच्या आधीची पाळी. माणसाचं आतलं घड्याळ सूर्याप्रमाणे चालतं, सरकारी वेळेप्रमाणे नाही, हे रोनेबर्ग यांनी जर्मनीतल्या पूर्व-पश्चिम गावांची तुलना करून २००७ मध्ये दाखवलं. मुंबईच्या कामगाराने ते शंभर वर्षं आधी अंगाने ओळखलं होतं.

पुढे तीन पाळ्या आल्या. सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात. परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींतल्या खोल्यांत पथाऱ्याही पाळीने वापरल्या जात. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने रिकामी केलेली जागा त्याची. बाहेर भोंगे, आत खानावळीची भांडी, वर उन्हाळ्याचा उकाडा. अशा खोलीत दिवसा किती झोप लागत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

याच वस्तीत मटका रुजला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लावायचा खेळ मुंबईत आधीपासून होताच. ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापले मटके सुरू केले. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, नंतर पत्ते. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. एकदा काढला की ओपन, काही तासांनी पुन्हा काढला की क्लोज, दोन्ही मिळून जोडी. आकडा लागला तर साधारण नऊ पट, जोडी लागली तर नव्वद पट. आकडे दहा आणि परतावा नऊचा, जोड्या शंभर आणि परतावा नव्वदचा. म्हणजे हिशेबाने खेळणारा कायम दहावा हिस्सा घालवत राहणार. मुंबईत जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून होता, तरी गिरण्यांच्या आसपास बुक्यांनी ठाणी मांडली, कारण गिऱ्हाईक तिथे होतं.

या खेळाच्या रचनेतली वेळ मला फार महत्त्वाची वाटते. ओपन रात्री फुटायचा आणि क्लोज मध्यरात्रीच्या सुमारास. मधल्या तासांत ओपन हरलेला माणूस जागाच असायचा, क्लोजवर गेलेलं भरून काढायची आशा धरून. बाराला दुसरी पाळी सुटायची. आठ तास साच्यावर उभा राहिलेला, कानात यंत्रांचा घणघणाट उरलेला, उद्या पुन्हा हेच करायचं आहे हे जाणणारा माणूस नाक्यावर येऊन आकडा विचारायचा. सिंगापूरच्या प्रयोगशाळेत मुद्दाम जागवून जी अवस्था आणावी लागली, ती इथे पाळीच्या वेळापत्रकाने आणून दिली होती. मटक्यामुळे संसार उद्ध्वस्त झाले हे खरं आहे आणि ते सौम्य करून सांगायची माझी इच्छा नाही. पण त्या घरांतल्या पुरुषांना जुगारी म्हणून मोकळं होणं हा अर्धवट न्याय आहे. डाव ज्या वेळेला मांडला गेला, ती वेळ हरणाऱ्याने निवडलेली नव्हती.

ज्यांना अजूनही रात्रच दोषी वाटते, त्यांनी या शहराची सकाळ पाहावी. ससून डॉकवर मासळीचा लिलाव उजाडायच्या सुमारास होतो आणि बोली लावणारी कोळीण क्षणात ठरवते की एवढ्या भावात घेतलेली टोपली दुपारपर्यंत खपेल की नाही. दादरच्या फुलबाजारात पहाटे माल उचलणाऱ्याला पाऊस आला तर संध्याकाळी कुजका झेंडू टाकून द्यावा लागतो. दोघंही रोज पैसा पणाला लावतात, ताज्या डोळ्यांनी आणि पिढ्यांच्या अनुभवाने. आणि या शहरातला सर्वांत मोठा सट्टा तर सकाळी सव्वानऊला, लख्ख उजेडात सुरू होतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. या माणसांच्या खिडकीत रात्री दोनला दिवा होता की नव्हता, हे कुणी विचारलं नाही.

उलट रात्री जागणाऱ्यांतले कितीतरी जण दुसऱ्यांचा धोका कमी करण्यासाठी जागतात. सलाइनचा थेंब मोजणारी परिचारिका, अग्निशमन केंद्रातला जवान, पहिली लोकल वेळेवर निघावी म्हणून रुळांवर काम करणारा गँगमन. त्यांची हयात सावधपणात जाते. त्यांच्या झोपेची काळजी घेणं हे त्यांच्या चारित्र्याची चौकशी करण्याहून कितीतरी उपयोगाचं आहे.

आणि काळजी घेता येते. अमेरिकेतल्या युटामध्ये एका खनिज कारखान्यात पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा केला आणि बदल जास्त दिवसांनी केला, तेव्हा कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं. चार्ल्स चाइसलर यांनी ते १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. केंटकीतल्या एका परगण्यात शाळा तासभर उशिरा भरू लागल्यावर तिथल्या किशोरवयीन वाहनचालकांचे अपघात सुमारे साडेसोळा टक्क्यांनी घटले. वय तेच होतं, रस्तेही तेच होते. बदलली होती ती फक्त वेळ.

म्हणूनच आपल्या राज्यातला एक निर्णय मला स्वागतार्ह आणि तरीही अपुरा वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांची झोप वाचली, चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ निसर्गतः सर्वांत उशिराचं असतं, ती सोळा ते वीस वर्षांची मुलं आजही अनेक महाविद्यालयांत सकाळी सातच्या तासाला बसतात. हेच वय धोका पत्करण्याचं. याच वयात हातात पहिली मोटारसायकल येते, पहिलं व्यसन येतं, मोबाइलवर पहिल्यांदा पैसे लावले जातात. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये संसदेने बंदी आणली, ते आवश्यकच होतं. पण मोह दूर करताना त्याला बळी पाडणारा थकवा तसाच ठेवला, तर मोह दुसऱ्या दाराने येईल.

पुढच्या पानांत वाचकाला प्रश्नावल्या भेटतील, जनुकं भेटतील, फाशांचे आणि पत्त्यांचे प्रयोग भेटतील. ते वाचताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. या अभ्यासांतले संबंध समूहांच्या सरासरीचे आहेत. त्यावरून आपल्या मुलाचा, जावयाचा किंवा भाडेकरूचा निवाडा करता येत नाही. आणि यातली बरीच माणसं पाश्चात्त्य विद्यापीठांतले विद्यार्थी आहेत, ज्यांना स्वतःची खोली आहे आणि स्वतःचा दिवा विझवायचं स्वातंत्र्य आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे झोपायची वेळ शरीर ठरवत नाही. टीव्ही, पाणी यायची वेळ आणि शेवटची लोकल ठरवतात. या घरांतल्या माणसांवर असे अभ्यास आपल्या विद्यापीठांनी करायला हवेत, आणि ते करणारे तरुण या पुस्तकाच्या वाचकांतून पुढे यावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर प्रत्येकाला करता येईल अशी एक गोष्ट आहे. पैसा गुंतवणं, नोकरी सोडणं, कर्जाच्या कागदावर सही करणं, रागाने घर सोडणं, असा मोठा निर्णय समोर आला की तो आपल्या शरीराच्या चांगल्या वेळेत घ्यावा. सकाळच्या माणसाने तो रात्रीवर ढकलू नये, रात्रीच्या माणसाने पहाटेच्या घाईत उरकू नये, आणि अपुऱ्या झोपेवर तर दोघांनीही घेऊ नये. आणि मालक, मुख्याध्यापक, अधिकारी म्हणून ज्यांच्या हातात इतरांचं घड्याळ आहे, त्यांनी ध्यानात ठेवावं की वेळापत्रक आखताना ते दुसऱ्यांच्या वाट्याची जोखीमही आखत असतात.

अँटॉप हिल, मुंबई